भाड्याची नौका आणि उसाचे बिल



मागच्या आठवड्यात हरभऱ्याची पाहणी करून परतताना एका बागायतदारांनी मला ओट्यावर बसवून घेतले. म्हणाले, "साहेब, शेतीचे नाही, पण विचारायचे आहे." त्यांच्या धाकट्याने हॉटेलचा कोर्स केला आहे. त्याला एका दलालाचे पत्र आले होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एका 'सुपरयॉट'वर स्वयंपाकघरात काम आहे, त्यासाठी आधी दीड लाख रुपये भरा. उसाचे बिल नुकतेच बँकेत जमा झाले होते. "ही सुपरयॉट म्हणजे काय? आणि लोक ती भाड्याने घेतात म्हणे, मग पोराचा पगार देणार कोण?"

प्रश्न रास्त होता. दोन संध्याकाळी बसून वाचले, ते आपणा सर्वांसाठी देतो.

यॉट म्हणजे चैनीची नौका. 'सुपर' हा शब्द मात्र कायद्यातला नाही, तो धंद्यातला आहे. कोणी २४ मीटरच्या पुढे म्हणतो, कोणी ३० मीटरच्या. यातला २४ चा आकडा तेवढा कायद्याशी जोडलेला आहे. जहाजांच्या भाररेषेचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार २४ मीटर म्हणजे सुमारे ७९ फूट लांबीपासून लागू होतो. स्वतःच्या मौजेसाठी ठेवलेल्या नौकेला त्यातून सूट आहे. पण तीच नौका भाड्याने दिली की ती धंद्याची ठरते आणि तिला सुरक्षिततेचे नियम पाळावे लागतात.

आता मोजमापाची गंमत पाहा. बैलगाडीची लांबी कोणी दांडीसकट सांगतो, कोणी नुसत्या चौकटीची. नौकेचेही तसेच आहे. जाहिरातीत टोकापासून टोकापर्यंतची लांबी असते, कायद्यातली लांबी वेगळ्या रीतीने मोजतात आणि ती बहुधा कमी भरते. म्हणून जाहिरातीतली २५ मीटरची नौका कायद्याच्या मापात २४ च्या आतही बसू शकते. शिवाय सारख्या उंचीच्या दोन कणग्यांत जाडजूड कणगीत धान्य जास्त मावते. त्यासाठी नौकेच्या आतल्या जागेचे माप वेगळे असते, त्याला ग्रॉस टनेज म्हणतात. नावात टन असला तरी ते वजन नव्हे.

नौका कितीही मोठी असो, भाड्याच्या यॉटवर बहुधा १२ च पाहुणे घेतात. १२ च्या वर प्रवासी झाले की ती प्रवासी जहाज ठरते आणि नियम फार कडक होतात.

भाड्याचा हिशेब आपल्याला कळण्यासारखा आहे. नांगरटीला ट्रॅक्टर सांगताना डिझेल कोणाचे, हे आपण आधी ठरवतो. यॉटचे भाडे सहसा आठवड्याचे असते. त्यात नौका, तिचा विमा आणि खलाशांचा पगार येतो. डिझेल, जेवणखाण आणि बंदराची फी भाडेकरूची. त्यासाठी तो भाड्याच्या साधारण ३० टक्के रक्कम आगाऊ ठेवतो. कप्तान हिशेब देतो आणि उरलेले पैसे परत करतो. कर वेगळा, बक्षिसी वेगळी.

म्हणजे पोराचा पगार मालकाकडून यायचा. बक्षिसी मिळाली तर ती वरकड, तिला पगारात धरू नये.

आता मुख्य गोष्ट. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून अमलात आहे. तो धंद्याच्या जहाजांसाठी आहे. म्हणून नौका भाड्याने चालते की मालकाच्या खासगी वापरात आहे, यावर मुलाचे संरक्षण अवलंबून असते. या कराराप्रमाणे नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, खलाशाचे पुस्तक आणि पासपोर्ट यांचा खर्च त्याने करायचा. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा.

मी मुलाला चार प्रश्न लिहून दिले:

१) नौका कोणत्या देशाच्या झेंड्याखाली नोंदलेली आहे? कायद्याच्या मापाने तिची लांबी किती?

२) ती भाड्याने देण्यासाठी नोंदलेली आहे की खासगी?

३) मालकाच्या सहीचा करार, पगाराचा आकडा आणि परतीचे भाडे लेखी मिळेल काय?

४) दीड लाख रुपये कशाचे? आणि आपल्याकडे केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा भरतीचा परवाना आहे काय?

बियाण्याची पिशवी घेताना आपण वरच्या चित्राला भुलत नाही. लेबल वाचतो, पावती मागतो. समुद्रावरची नोकरी वाईट नाही, पण तिथेही लेबल वाचूनच व्यवहार करावा.

परवा मुलाचा फोन आला. पहिल्या तीन प्रश्नांची अर्धीमुर्धी उत्तरे आली आहेत, चौथ्याचे नाही. उसाचे बिल अजून बँकेतच आहे.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)