प्रोजेक्ट मॅनेजर पाहिजे

परवा मुलाखती घ्यायला बसायचा योग आला. जागा प्रोजेक्ट मॅनेजरची. काम म्हणजे गॅसच्या कंप्रेसर स्टेशनची जुनी कंट्रोल सिस्टिम काढून नवी बसवायची, तीही स्टेशन चालू ठेवून. जाहिरातीत काय? पीएमपी आवश्यक, एमबीए असल्यास उत्तम, संवादकौशल्य हवं. गॅसचा उल्लेख एकदाच, तोही ग्राहकाच्या वर्णनात!

शेवटी दोघे उरले. एकाने बँकांची सॉफ्टवेअर्स वेळेत पोचवलेली, इंग्रजी फर्डं. दुसरा १५ वर्षं साइटवर लूप चेकिंग करत वर आलेला, बोलताना अडखळणारा. मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला, "तुम्ही काम थांबवलंत असा एखादा प्रसंग सांगा."

पहिला हसून म्हणाला, "माझ्या प्रोजेक्टला कधी उशीरच झाला नाही."

दुसरा म्हणाला, "फॅक्टरीत टेस्ट चालू होती. शटडाउनचा सिग्नल दिला तरी एका व्हॉल्व्हला बंद व्हायची आज्ञाच जाईना. पॅनेल न्यायला ट्रक येऊन उभा होता. मी सही केली नाही. ९ दिवस गेले, शिव्या खाल्ल्या."

निवड पहिल्याची झाली. दुसऱ्याच्या नावापुढे शेरा पडला, 'डिलिव्हरीची दृष्टी नाही'.

तुम्ही म्हणाल, मॅनेजरला एवढं तांत्रिक कशाला यायला हवं, हाताखाली इंजिनियर असतातच की. असतात ना. पण प्रोजेक्ट रखडला की कात्री कुठे लावायची हे मॅनेजर ठरवतो, आणि ती नेहमी टेस्टिंगला लागते, कारण ते सगळ्यात शेवटी येतं. मग एखादा ट्रिप 'तात्पुरता' बायपास होतो आणि तसाच राहतो. बँकेच्या सॉफ्टवेअरमधली चूक बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओरडल्यावर कळते. बायपास केलेला ट्रिप वर्षानुवर्षं गप्प असतो. तो नाही हे कळतं ते त्याची गरज पडेल त्या दिवशी.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या लाँगफर्डच्या गॅस प्लँटमध्ये २५ सप्टेंबर १९९८ ला स्फोट झाला. दोघे गेले, आठ जखमी झाले, राज्याचा गॅस सुमारे दोन आठवडे बंद. कंपनीने बोट दाखवलं ऑपरेटरांकडे. चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने ते मानलं नाही, त्यांना पुरेसं प्रशिक्षणच दिलं नव्हतं असं सांगितलं. प्लँटचे इंजिनियर १९९२ मध्येच मेलबर्नला हलवलेले होते. अलार्म इतके वाजायचे की ते रोजचेच झाले होते. तिथे प्रश्न मॅनेजरच्या भरतीचा नव्हता, मान्य. पण जाणकार माणूस प्लँटजवळ असणं ही चैन आहे असं कागदावर ठरलं की काय होतं, ते तिथे दिसलं.

सेफ्टी सिस्टिमचं आयईसी ६१५११ हे मानकसुद्धा सांगतं की या कामातली माणसं त्या कामाला लायक हवीत. आपण लायकी मोजतो सर्टिफिकेटांवर. पीएमपी वाईट नाही, वेळापत्रक आखता यायलाच हवं. पण ते शिकवता येतं. ट्रक दारात उभा असताना 'नाही' म्हणणं कुठल्या क्लासात शिकवतात?

असो. आम्ही चौघे होतो, मी एकटा पडलो. थोडा वाद घातला, मग जेवायची वेळ झाली. त्या शेऱ्याच्या कागदावर खाली चार सह्या आहेत. चौथी माझी.