‘हृदयक्रिया बंद पडली’ हे मृत्यूचे कारण नव्हे

रात्रीचे अडीच. वॉर्डातल्या टेबलावर नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, येऊन पडतो. नातेवाईक दाराशी ताटकळत उभे, शववाहिका खाली लागलेली, आणि ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला अजून दोन अत्यवस्थ रुग्ण पाहायचे असतात. पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’, खाली सही, शिक्का. (ब) आणि (क) कोरेच. मरण कोणत्या रीतीने आले ते लिहू नका, ज्या आजाराने, इजेने किंवा गुंतागुंतीने आले ते लिहा, अशी सूचना त्याच कागदावर छापलेली असते.

अशा कोऱ्या ओळींची किंमत किती, हे कळायला जगातल्या सर्वांत गरीब देशांकडे पाहावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये २०१९ सालच्या मृत्यूंचे आकडे प्रसिद्ध केले. अल्प उत्पन्न गटातील देशांत नवजात बालकांचे आजार पहिल्या क्रमांकावर होते: अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणे, जंतुसंसर्ग. त्यामागोमाग न्यूमोनियासारखे श्वसनसंसर्ग, हृदयविकार, पक्षाघात, अतिसार, हिवताप, रस्ते अपघात, क्षयरोग, एचआयव्ही आणि यकृताचा सिऱ्होसिस. दहांपैकी सहा कारणे संसर्गाची किंवा जन्माच्या आसपासची. यादीत एक मोठा दिलासाही आहे. या देशांत एचआयव्हीने होणारे मृत्यू २००० साली ३ लाख ९५ हजार होते, ते २०१९ मध्ये १ लाख ६१ हजारांवर आले. औषध गावापर्यंत पोचले की काय होते, ते या एका ओळीत दिसते.

पण हे सगळे अंदाज आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्याच पाहणीनुसार आफ्रिका विभागात दहांपैकी जेमतेम एका मृत्यूची नोंद होते. बाकीची माणसे घरीच दगावतात, घराजवळच पुरली जातात, आणि कोणत्याही रजिस्टरात त्यांचे नाव लागत नाही. मग शेजारच्या देशांचे आकडे, जुनी सर्वेक्षणे आणि गणिती प्रारूपे यांच्या आधाराने रकाने भरले जातात. प्रारूप वाईट नसते. मात्र त्यात जे गृहीत धरले, तेच बहुधा उत्तरात परत येते.

सिएरा लिओनने हे गृहीत तपासून पाहिले. इबोलाच्या साथीतून सावरणाऱ्या या देशात २०१८ ते २०२० या काळात यादृच्छिक निवडीने ठरवलेल्या वस्त्यांत घरोघरी जाऊन मृत्यूंची विचारपूस झाली. सुमारे ३ लाख ४३ हजार लोकांची ही पाहणी होती. पद्धत व्हर्बल ऑटॉप्सीची. प्रशिक्षित कार्यकर्ता घरच्यांसमोर बसतो आणि शेवटच्या आजाराची हकीकत त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतो. ताप किती दिवस होता? झटके आले का? श्वास घेताना बाळाचे पोट उडत होते का? बाई गरोदर होती का? ही हकीकत दोन डॉक्टर एकमेकांचे मत न पाहता वाचतात आणि कारण ठरवतात. मत जुळले नाही तर पुन्हा वाचतात, तरी जुळले नाही तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निर्णय देतो. या पाहणीत हिवताप हे लहान मुलांप्रमाणेच प्रौढांच्याही मृत्यूचे आघाडीचे कारण निघाले. हिवतापाच्या मुलखात मोठ्या माणसांना प्रतिकारशक्ती येते, तेव्हा त्यांचे मृत्यू थोडेच असणार, ही वर्षानुवर्षांची समजूत होती.

भारताने हा अनुभव आधीच घेतला आहे. महानिबंधक कार्यालय आणि डॉ. प्रभात झा यांच्या चमूने याच पद्धतीने केलेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’तून २०१० मध्ये हिवतापाच्या वार्षिक मृत्यूंचा अंदाज दोन लाखांवर गेला, त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा १५ हजारांचा होता. वाद झाला, आणि तो रास्तच होता, कारण केवळ हकीकतीवरून हिवताप, विषमज्वर आणि सेप्सिस वेगळे काढणे अवघड असते. सर्पदंशाबाबत मात्र घरच्यांची चूक होण्याचे कारण नाही. साप चावला होता, हे घरात सगळ्यांना माहीत असते. तिथे वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू निघाले, रुग्णालयांच्या नोंदींत दिसणाऱ्या संख्येच्या कितीतरी पट. त्यांतले बहुतेक खेड्यांतले, आणि चारांतले तीन तरी दवाखान्याबाहेरचे. जो मृत्यू नोंदीतच नाही, त्याच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या कुप्या कोण मागवणार?

मोझांबिक, माली, सिएरा लिओन, इथिओपिया अशा देशांत बालमृत्यूंची कारणे शोधणाऱ्या ‘चॅम्प्स’ या जाळ्यातले डॉक्टर आणखी खोलात जातात. पालकांची संमती घेऊन मृत बालकाच्या फुप्फुस, यकृत आणि मेंदूतून सुईने नमुने काढतात. त्यातून पुन्हा पुन्हा हेच पुढे येते की बालमृत्यूला क्वचितच एक कारण असते. कुपोषण पाया घालते, हिवताप किंवा न्यूमोनिया त्यावर येतो. क्लेब्सिएला या जिवाणूचा संसर्गही अनेकदा सापडतो, आणि तो पुष्कळदा रुग्णालयातच लागलेला असतो. हे शेवटचे निरीक्षण वाचताना प्रत्येक वॉर्डप्रमुखाने आपल्या सिंककडे आणि सक्शनच्या नळीकडे एकदा पाहावे.

ही साखळी पकडण्यासाठीच नमुना ४ ची रचना आहे. अतिसाराने दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या फॉर्मवर (अ) रक्तद्रव घटल्याने आलेला शॉक, काही तास. (ब) तीव्र जलशुष्कता, एक दिवस. (क) अतिसार, तीन दिवस. आणि दुसऱ्या भागात तीव्र कुपोषण, असे लिहिता येते. ‘अरेस्ट’ या एका शब्दात ओआरएस न मिळालेले ते तीन दिवस हरवतात, आणि अंगणवाडीच्या वजनकाट्यावर दिसायला हवे होते ते कुपोषणही.

भारतात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्केच वैद्यकीय प्रमाणपत्रासह होते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयांनी हे प्रमाणपत्र विनामूल्य देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक झाले. कागद आता घरोघरी जाईल, म्हणून त्यावर काय लिहिले आहे याची जबाबदारीही वाढली. काम फार नाही. रात्री घाई होणारच. तर सकाळच्या राउंडला युनिटप्रमुखांनी आदल्या रात्रीचे फॉर्म निबंधकाकडे जाण्यापूर्वी मागवावेत आणि तळाची ओळ कोरी असेल तर केसपेपर उघडून निवासी डॉक्टरसोबत ती भरून घ्यावी.