शिध्यातील सिगारेट आणि दूरध्वनीवरचा सोबती

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या हाती जो बंद शिधा पडे, त्यात बिस्किटे, डबाबंद मांस आणि कॉफीची पूड यांच्या जोडीला सिगारेटीही असत. कोरियात त्या होत्या, व्हिएतनाममध्येही होत्या. १९६४ च्या जानेवारीत त्याच देशाच्या सर्जन जनरलने धूम्रपान हे पुरुषांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे जाहीर केले. तरीही शिध्यातील सिगारेट बंद व्हावयास १९७५ साल उजाडावे लागले. म्हणजे अकरा वर्षे सरकारचा एक हात धोक्याचा इशारा देत होता आणि दुसरा हात विशीतल्या पोरांच्या शिध्यात तीच वस्तू ठेवीत होता. ती पोरे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकजण धाप व हृदयविकार घेऊन माजी सैनिकांच्या रुग्णालयांत येत-जात आहेत.

या माणसांचे आपण काही देणे लागतो, असे त्या सरकारला वाटले नाही काय? क्षणभर वाटले खरे. सेवाकाळात लागलेल्या तंबाखूच्या व्यसनातून उद्भवलेल्या आजारास भरपाई मिळू शकते, असे मत माजी सैनिक खात्याच्या विधी सल्लागारानेच १९९३ मध्ये दिले होते. पुढे दाव्यांचा संभाव्य खर्च डोळ्यांपुढे येताच १९९८ मध्ये काँग्रेसने कायदा करून ते दार बंद केले, आणि त्यातून होणारी बचत महामार्गांच्या खर्चाकडे वळविली. सैनिकाच्या फुप्फुसांवर रस्ते बांधण्याचा हा हिशेब वॉशिंग्टनमध्ये फारसा कोणाला खटकला नाही.

भरपाई गेली, उरले ते व्यसन सोडविण्यास मदत करण्याचे कर्तव्य. येथे रुग्णालयातील मुक्कामाला विशेष महत्त्व आहे. माणूस चार-पाच दिवस खाटेवर असतो. छातीत कळ येऊन गेलेली असते, मन हललेले असते, सिगारेट हाताशी नसते. निकोटिन तुटल्यावरची चिडचीड, निद्रानाश आणि तळमळ यांचे सर्वांत कठीण दिवस कित्येकदा त्या खाटेवरच निघून जातात. डॉक्टर सल्ला देतात, परिचारिका पत्रक देते आणि रुग्ण अगदी मनापासून मान डोलावतो. मग तो घरी येतो. तीच खुर्ची, तोच सकाळचा कॉफीचा पेला, तोच मागच्या दाराबाहेरचा ओटा! रुग्णालयात दहा माणसे भोवती होती. येथे पहिल्या रात्री कोणीच नसते.

हा केवळ तर्क नव्हे. रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या धूम्रपानमुक्तीविषयीच्या पन्नास चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. खाटेजवळ समुपदेशन सुरू करून घरी गेल्यावरही निदान महिनाभर संपर्क ठेवला, तर सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सदतीस टक्क्यांनी वाढते. नुसत्या खाटेजवळच्या उपदेशाने तसे होत असल्याचे दिसत नाही. वॉर्डातील सारे व्याख्यान दाराशी विरते, आणि टिकतो तो दारापलीकडचा दूरध्वनी.

तो दूरध्वनी कोणी करावयाचा, हा खरा प्रश्न. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी २०१३ पासून स्वतंत्र मोफत सेवा आहे आणि तेथे प्रशिक्षित समुपदेशक बसतात. परंतु मदतीचा क्रमांक फिरविण्याची सुरुवात सैनिकानेच करावी, ही अपेक्षा या माणसाच्या बाबतीत भाबडी ठरते. मदत मागणे हा दुबळेपणा, असेच त्याला सैन्याने शिकविलेले असते. शिवाय सिगारेट त्याच्या लेखी निव्वळ धूर नसते. पहाऱ्यावरची रात्र आणि अर्धी वाटून ओढलेला, पुढे परत न आलेला सोबती तिला चिकटलेला असतो. १९९२ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या रुग्णालयांत धूम्रपानाची जागा ठेवणेच बंधनकारक झाले होते, आणि तेथील आवार पूर्णतः धूरमुक्त व्हावयास ऑक्टोबर २०१९ उजाडला. ज्याने देशासाठी लढावे त्याला दोन झुरक्यांचेही स्वातंत्र्य नाही काय, या युक्तिवादाला तरुण समुपदेशकापाशी उत्तर नसते. ज्याने स्वतः तोच शिधा खाल्ला आणि नंतर सिगारेट सोडली, त्याला मात्र उत्तर द्यावेच लागत नाही. त्याने तिसऱ्या दिवशी फोन करून आज ओढलीस काय, एवढे विचारले तरी पुरते. ओढली असेल तर खोटे बोलण्याचे कारण उरत नाही. विचारणाराही कधीकाळी घसरलेलाच असतो.

१९३५ मध्ये ॲक्रन येथे दोन मद्यासक्तांनी एकमेकांना सावरण्यातून जी चळवळ उभी राहिली, तिचे मर्म हेच होते. अमेरिकन शासनालाही ते उमगले नाही असे नाही. २०१२ च्या अध्यक्षीय आदेशाने मानसिक आरोग्यसेवेसाठी आठशे माजी सैनिक सोबती म्हणून नेमावयाचे ठरले होते. धूम्रपानाच्या बाबतीत मात्र हे काम स्वयंसेवकांच्या सद्भावनेवर सोडण्याचा मोह होतो, आणि तेथेच सावध राहावयास हवे. सोबत्याचा फोन ही निकोटिनच्या पट्टीची वा औषधाची स्वस्त बदली नव्हे. निव्वळ समदुःखी असण्याने लाभ किती वाढतो, याचा पुरावा पाठपुराव्याच्या पुराव्याइतका भक्कमही नाही. सोबत्याला शिक्षण हवे, नैराश्याची चाहूल लागताच डॉक्टरांकडे सोपविण्याची वाट हवी, आणि वेतन हवे. फुकटचे काम अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून ते बंद पडले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

सातारा-कोल्हापूरकडच्या निवृत्त जवानांच्या घरांत हा प्रश्न बिडीइतकाच तंबाखूच्या पुडीचाही आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा क्रमांक २०१८ पासून पाकिटांवर छापला जातो आणि माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे; गावोगावी व्यसन सोडलेले सुभेदार-हवालदारही आहेत. परंतु पाकिटावरचा क्रमांकही रुग्णानेच फिरवावयाचा असतो. घरी सोडताना रुग्णालय जे कार्ड हाती देते, त्यावर औषधांच्या वेळा लिहिलेल्या असतात; त्याच कार्डावर पुढील महिनाभरात कोणता माजी सैनिक, कोणत्या वारी, त्याला फोन करील तेही लिहावयास हवे.