दारात सांगितलेलं माजघरात पोचायला हवं



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून आम्हा बडोदेकरांच्या घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतोय, जुन्या कॉम्प्युटरचं करायचं काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या मशीनला ते झेपत नाही. मग कुणाचा तरी भाचा नाहीतर नातू सांगतो, "लिनक्स टाका, फुकट आहे, मस्त चालतं." सल्ला उत्तमच आहे. मला बोलायचंय ते लिनक्स मशीनवर चढवणाऱ्या प्रोग्रामबद्दल, म्हणजे इन्स्टॉलरबद्दल.

आमच्या मंडळाच्या वाचनकक्षासाठी लोकांनी अशी चार जुनी मशीनं आणून दिली. तीन सरळ चालली. चौथ्यावर पेनड्राइव्ह लावला की स्क्रीन काळी. काम करणारा मुलगा हुशार. त्याने सुरुवातीच्या मेनूत जाऊन एक शब्द टाइप केला, 'नोमोडसेट'. या शब्दाने सिस्टीमला कळतं की ग्राफिक्सची करामत नको, साधं चित्र दाखव. लगेच स्क्रीन उजळली. भाषा मराठी निवडली, इन्स्टॉल पूर्ण झालं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि परत अंधार. जमलेल्यांनी निकाल देऊन टाकला, "मशीन गेलं, भंगारात द्या." एक काकू तेवढ्या म्हणाल्या, "अरे, आत्ता तर चालत होतं ना!"

काकूंचं म्हणणं बरोबर होतं. मशीन धडधाकट होतं, निरोप पोचला नव्हता.

कॉम्प्युटर सुरू होताना आधी मदरबोर्डवरचा प्रोग्राम जागा होतो, तो बूटलोडरला उठवतो. लिनक्समध्ये हा बहुधा ग्रब असतो. ग्रब गाभ्याला, म्हणजे कर्नलला उठवतो आणि उठवतानाच शब्दांची एक ओळ त्याच्या हातात देतो. नोमोडसेट त्याच ओळीत जातो. पण ती ओळ असते पेनड्राइव्हवरच्या सिस्टीमसाठी. हार्ड डिस्कवर बसणाऱ्या नव्या सिस्टीमसाठी इन्स्टॉलर वेगळी ओळ लिहितो. आपला शब्द त्यात उतरवायचा की नाही, हे तोच ठरवतो आणि बऱ्याचदा उतरवत नाही. विचारत नाही, सांगतही नाही.

पाहुण्याने दारातच सांगावं, "वहिनी, मला साखर वर्ज्य आहे," दार उघडणाऱ्याने हो म्हणावं आणि पानात पहिला जिन्नस श्रीखंड यावं, तशातली गत.

आता इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांची बाजूही ऐकू या, कारण ती पोकळ नाही. दारात सांगितलेली प्रत्येक गोष्ट कायमची नसते. "आज उपास आहे" आणि "साखर वर्ज्य आहे" यांत फरक आहे. उपास करणाऱ्याला जन्मभर साबुदाणा वाढून चालत नाही. नोमोडसेट ही तर कुबडीच आहे. ती कायम ठेवली तर चित्र मंद चालतं, कधी स्क्रीनचं योग्य माप मिळत नाही. इन्स्टॉलपुरती गरज होती आणि नंतर योग्य ड्रायव्हर बसला, तर ती काढायलाच हवी. म्हणून सगळे शब्द डोळे मिटून पुढे नेऊ नयेत, हे मलाही पटतं.

डेबियनवाल्यांनी यावर तोडगा काढलेला आहे. सुरुवातीच्या ओळीत तीन आडव्या रेघा असतात. त्यांच्या अलीकडचे शब्द आजपुरते, पलीकडचे शब्द नव्या सिस्टीमसाठीही. उपास अलीकडे, पथ्य पलीकडे. व्यवस्था नेटकी आहे, पण ती कुणाला माहीत? मेनूत तसं कुठे लिहिलेलं नसतं. पूर्वी दोन रेघा होत्या, पुढे तीन झाल्या. जुनी माहिती वाचून दोनच रेघा देणाऱ्याचा निरोप मधेच अडकला.

रेड हॅटच्या घरात वेगळी तऱ्हा. त्यांच्या इन्स्टॉलरला उद्देशून असलेल्या शब्दांआधी 'इन्स्ट' आणि टिंब लावायचं, असा नियम आला. बरीच वर्षं बिनटिंबाचे जुने शब्दही चालत. आवृत्ती ८ मध्ये ते जुने झाल्याची सूचना दिली आणि २०२२ मध्ये आलेल्या आवृत्ती ९ पासून ते बंदच केले. आधी सांगून बंद केले, हे रीतीला धरून झालं. तरी ज्याच्याकडे जुन्या वहीतली ओळ आहे, त्याला वाटत राहतं की मी सांगितलंय.

त्यात कर्नलचा स्वभाव असा की अनोळखी शब्द आला तरी तो अडून बसत नाही, काम पुढे चालू ठेवतो. नोमोडसेटमधलं एक अक्षर गाळलंत तरी मशीन सुरू होईल, फक्त तुमचं म्हणणं ऐकलेलं नसेल. ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, की आपणच चुकीचं बोललो? काळ्या स्क्रीनकडे बघून यातलं काहीच कळत नाही.

माझं मत असं. शब्द पाळणं सक्तीचं नसावं, उत्तर देणं सक्तीचं असावं. इन्स्टॉल सुरू होण्याआधी डिस्क, भाषा, वेळ यांची गोषवाऱ्यासारखी यादी बहुतेक इन्स्टॉलर दाखवतात. त्यात एक ओळ वाढवा, "सुरू करताना तुम्ही हा शब्द दिला होता. नव्या सिस्टीममध्येही ठेवायचा का?" जो शब्द कळला नाही, तो कळला नाही म्हणून सांगा. एवढ्याने कितीतरी चालती मशीनं भंगारवाल्याच्या हातगाडीपासून वाचतील.

हे अशक्य आहे, असं कुणी सांगू नये. त्याच चौथ्या मशीनने मराठी निवडल्याचं अचूक लक्षात ठेवलं होतं. लिनक्समध्ये आपल्या भाषेची खूण दोन जोड्यांची असते, 'एमआर' म्हणजे मराठी आणि 'आयएन' म्हणजे भारत. मधे राज्याचा रकानाच नाही. बडोदा, बेळगाव, इंदूर, पुणे, सगळे मराठी एकाच खुणेचे. पिढ्यान्‌पिढ्या फॉर्म भरताना "मातृभाषा मराठी, राज्य गुजरात" लिहून समोरच्याच्या भुवया उंचावलेल्या पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं अप्रूप वाटतंच. भाषेचा शब्द इन्स्टॉलर इतक्या निष्ठेने पुढे नेतो, तर स्क्रीनच्या शब्दाने काय घोडं मारलंय?

ते बदलेपर्यंत आपण काय करायचं? इन्स्टॉलनंतर स्क्रीन काळी झाली तर घाबरू नका. सुरू करताना ग्रबचा मेनू आणा (दिसत नसेल तर जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा, नव्यावर एस्केप दाबा). 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तोच शब्द लिहा आणि एफ१० दाबा. हे त्या वेळेपुरतंच. कायमचं करायचं तर 'इटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे, तिच्यात तो लिहून डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-ग्रब' चालवावं लागतं. कर्नलला नेमकी कोणती ओळ मिळाली, हे 'प्रॉक'मधल्या 'सीएमडीलाइन' फाइलमध्ये वाचता येतं. आमच्या मुलाने हेच केलं. चौथं मशीन आता वाचनकक्षात आहे आणि काकू त्यावर दिवाळी अंक वाचतात.

आणखी एक. कोणत्या मशीनला कोणता शब्द लागला, ते कागदावर लिहून सीपीयूच्या डब्याला आतून चिकटवा. मशीन विसरलं तरी पुढच्या माणसाला कळेल.

तुमच्या गावच्या मंडळात, वाचनालयात असं काळं पडलेलं मशीन असेल तर भंगारात देण्याआधी एकदा विचारा, सुरुवातीला याला काय सांगितलं होतं?