मुरूम गालावर, मळ डोक्यात!

उमरखेडपासून वणीपर्यंत, यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही कॉलेजच्या फाटकाशी उभे राहा. पोरापोरींच्या गालावर मुरूम दिसतील. त्यात नवल काही नाही. १२ ते २४ या वयात शंभरातील सुमारे ८५ जणांना ते कमीअधिक प्रमाणात होतातच. नवल वाटते ते घराघरांतल्या निदानाचे! "रक्त अशुद्ध झालं", "तोंड नीट धूत नाही", "पोरीचं लक्ष ठिकाणावर नाही". ज्या शुद्ध-अशुद्धतेने आमच्या बापजाद्यांना पाणवठ्यावरून हाकलले, तीच आम्ही आमच्या लेकीच्या गालावर शोधायची काय?

विज्ञान काय सांगते? वयात येताना संप्रेरके वाढतात, त्वचेतील तैलग्रंथी जादा तेल सोडतात, मृत पेशींनी रंध्रे बुजतात, आत जंतू वाढतात आणि सूज येते. आईबापांकडून येणारी आनुवंशिकताही असते. यात रक्ताचा विटाळ नाही, चारित्र्याचा दोष नाही. तोंड खसाखसा घासल्याने तर मुरूम चिघळतात.

पण लाजेने खचलेली पोरगी गाठते औषधाचे दुकान. तेथे मिळते 'गोरे करणारी' ट्यूब. तिच्यात बहुधा स्टेरॉईड असते. आठ दिवस चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, लव वाढते आणि मुरूम दुपटीने उठतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही विनाचिठ्ठी विक्री थांबलेली नाही. २०२० मध्ये एका बड्या कंपनीने आपल्या क्रीमच्या नावातून 'गोरेपणा' काढला. आमच्या लग्नाच्या बैठकीतून तो कधी निघणार?

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचे उपचार होतात. पण झरी-जामणीच्या मजुराने लेकीला तेथे न्यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. ट्यूब मात्र कोपऱ्यावर मिळते! म्हणून आमची मागणी आहे : प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस त्वचारोगतज्ज्ञ बसवा, वसतिगृहांत मुलामुलींची तपासणी करा आणि विनाचिठ्ठी विकणाऱ्या दुकानांवर कारवाई करा.

आणि आईबापहो, योग्य औषधालाही दोन-तीन महिने लागतात. तेवढे दिवस पोरीला आरशापुढे रडू देऊ नका. तिच्या हातात ट्यूब नको, पुस्तक द्या. आणि डॉक्टरकडे तिच्यासोबत तुम्ही जा.