कार्तिकातला लांब पल्ल्याचा वाटसरू

दिवाळीचा आकाशकंदील अजून गॅलरीतून उतरलेला नसतो, पहाटे पांघरूण अंगावर ओढून घ्यावंसं वाटू लागतं. याच दिवसांत आपल्या डोक्यावरून एक वाटसरू जातो. थांबला तर दोन-चार दिवस थांबतो, नाहीतर रात्रीतून निघूनही जातो. त्याचं नाव अमूर ससाणा.

रशिया आणि चीनच्या सीमेवर अमूर नावाची मोठी नदी आहे. त्या परिसरात, मंगोलियात आणि उत्तर चीनमध्ये हे पक्षी उन्हाळ्यात पिल्लं वाढवतात. थंडी पडू लागली की निघतात, ते थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे. जाऊन-येऊन वर्षाकाठी वीस हजार किलोमीटरहून जास्त प्रवास! आणि प्रवासी केवढा? कबुतराहून लहान. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या भाजीतला एक मध्यम बटाटा.

एवढ्या वाटेसाठी शिदोरी लागतेच. ती भरायला हे ससाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँड, मणिपूर, आसाम, मेघालय या भागात उतरतात. पाऊस सरताना तिथे जमिनीतून पंख फुटलेली वाळवी ढगासारखी बाहेर पडते. ती खाऊन अंगावर चरबी चढवायची, वारा अनुकूल झाला की उठायचं, भारत आडवा ओलांडायचा आणि पश्चिम किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर झेप घ्यायची. पुढे सोमालियापर्यंत टेकायला जागा नाही. अडीच-तीन हजार किलोमीटर नुसतं पाणी. याच सुमारास चतुरांचे थवेही भारतातून पूर्व आफ्रिकेकडे जातात. समुद्रावर ससाण्यांचं पोट त्यांच्यावर भरत असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आता नागालँडमधल्या एका गावाची गोष्ट. वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण आहे. त्या जलाशयाभोवतीच्या झाडांवर आणि विजेच्या तारांवर हे ससाणे लाखांच्या संख्येने रात्रीच्या मुक्कामाला येतात. शेजारचं पांगती हे लोथा नागांचं गाव. धरणानंतर इथली बरीच माणसं मासेमारीकडे वळली होती. मासे धरायची जाळी त्यांनी झाडांच्या मध्ये उभी बांधली, आणि पहाटे-संध्याकाळी उडणारे ससाणे त्यांत अडकू लागले. २०१२ साली काही निसर्गअभ्यासकांनी हे चित्रित करून जगासमोर आणलं. ऐन हंगामात दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

बातमी वाचून सगळ्यांचा पहिला शब्द एकच: ‘केवढी क्रूर माणसं!’ पण थोडं थांबून बघा. त्या लोकांच्या दृष्टीने देवाने आभाळातून पाठवलेलं ते पीक होतं. मुलांची फी आणि घरचा किराणा त्यातून निघत होता. हा पक्षी कुठून येतो, कुठे जातो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग सांगितलं गेलं. संस्था, वनखातं, चर्च, ग्रामसभा सगळे एकत्र बसले. शाळांतून मुलांचे निसर्गगट निघाले. गावाने स्वतः शिकारबंदीचा ठराव केला, मोडणाऱ्याला दंड ठेवला. २०१३ च्या हंगामात दोयांगला एकही ससाणा जाळ्यात धरला गेला नाही. एका वर्षात! त्याच नोव्हेंबरात तिथे तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे ट्रान्समीटर बसवले आणि त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. ज्या गावात जाळी लागत होती, त्याच गावाचं नाव घेऊन पक्षी समुद्रापार गेला.

पण हाती येणारा पैसा सोडून पाहुण्याला वाट देणं सोपं नव्हतं. ती किंमत त्या गावाने मोजली, म्हणून आज हा पक्षी आपल्याला दिसू शकतो.

तुम्हाला तो कुठे दिसेल? ईशान्येत ऑक्टोबरच्या मध्यापासून. महाराष्ट्रात साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. लोणावळ्याची पठारं त्यासाठी पक्षिमित्रांना ठाऊक आहेत. पण मोकळं गवताळ माळरान आणि भरपूर किडे असले, तर तेलंगण, कर्नाटक, गोवा, केरळ, कुठेही नजर वर ठेवायला हरकत नाही.

ओळखायचा कसा? नर गडद राखाडी, पाय आणि डोळ्याभोवतीचं कडं नारिंगी-लाल, शेपटीखाली विटकरी रंग. उडताना पंखांच्या आतली पुढची बाजू पांढरीशुभ्र दिसली, की खूण पटली. मादीचं पोट फिकं, त्यावर काळ्या खुणा. पाठ तपकिरी असेल तर तो बहुधा खरूची. तोही थंडीचाच पाहुणा, पण बराच नेहमीचा.

दिसला तर तीन गोष्टी करा. एक, लांबूनच बघा. समुद्र ओलांडायच्या आधी त्याचा प्रत्येक घास मोलाचा आहे. चांगल्या फोटोसाठी गाडी माळावर घालून त्याला उठवलं, तर जाळं न लावताही आपण त्याची शिदोरी हिसकावली. दोन, तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिहून ठेवा, जमलं तर ईबर्डवर नोंदवा. तीन, गावाकडच्या माळाला ‘पडीक जमीन’ म्हणणं सोडा. कोणी तो पेटवत असेल, तिथे राडारोडा टाकत असेल, तर हा पाहुणा इथेच जेवतो हे त्याला सांगा. पांगतीतही सुरुवात सांगण्यापासूनच झाली होती.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. महाराष्ट्रात हे आठ दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बंगळूरला, या दिवसांत एका सकाळी घरातल्या मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन जवळच्या माळावर जा. अमूर ससाणा भेटलाच तर उत्तम. नाही भेटला, तरी धोबी, वेडा राघू, खरूची यांपैकी कोणी ना कोणी हजर असेलच. काय काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.