ताठ आणि ताठा

मराठीत ‘ताठ’ हा गुण आहे आणि ‘ताठा’ हा दोष. एका कान्याचे हे अंतर मी वर्गात वर्षानुवर्षे समजावीत आलो; पण त्याचे खरे प्रात्यक्षिक पाहिले ते गोल्फच्या काठीत.

ह्या काठीचा दांडा दिसतो कडक, पण फटका मारताना तो वेताच्या छडीसारखा लवतो. काठी खाली येऊ लागली, की तिचे जड डोके मागे रेंगाळते आणि दांडा वाकतो. चेंडूशी गाठ पडते तेव्हा तोच पुढे झुकलेला असतो. हे लवणे खेळणाऱ्याच्या वेगाशी जुळले पाहिजे. दांडा फार ताठ असला, तर उजखुऱ्या खेळाडूचा चेंडू सहसा बुटका राहून उजवीकडे जातो. फार मऊ असला, तर उंच उडून डावीकडे वळतो.

पूर्वी दांडे हिकरीच्या लाकडाचे असत. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने १९२९ साली पोलादी दांड्यांना मुभा दिली. ग्रॅफाइट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. आता दांड्यावर ताठपणाचे अक्षर छापतात. ड्रायव्हर ह्या लांब काठीच्या डोक्याचा वेग ताशी ७५ मैलांच्या आत असेल तर ‘एल’, ८५ पर्यंत ‘ए’ म्हणजे सीनिअर, ९५ पर्यंत ‘आर’ म्हणजे रेग्युलर, १०५ पर्यंत ‘एस’ म्हणजे स्टिफ आणि त्यापुढे ‘एक्स’, असा ढोबळ हिशेब आहे. मात्र ह्या अक्षरांना सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा ‘आर’ दुसरीच्या ‘एस’इतका ताठ निघू शकतो. म्हणून आधी वेग मोजावा, दोन-तीन दांड्यांनी चेंडू मारून पाहावेत आणि मगच पाकिटात हात घालावा.

आमचे साडू निवृत्तीनंतरही येरवड्याच्या मैदानावर नेमाने जातात. गेल्या वर्षी त्यांचा वेग भरला ८०. दुकानदाराने अदबीने ‘ए’ पुढे केला. ‘सीनिअर’ हा शब्द ऐकताच त्यांचा चेहरा पडला.

“प्रोफेसर, तरुणपणापासून मी ‘एस’नेच खेळतो आहे!”

“खरे आहे. पण चेंडूला तुमचे तरुणपण कुणी सांगितलेले नाही.”

ते हसले नाहीत. मुकाट्याने दोन्ही दांड्यांनी दहा-दहा चेंडू मारले. ‘एस’चे बहुतेक उजवीकडच्या झाडीत गेले, ‘ए’चे सात सरळ, आणि लांबही. त्यांनी ‘ए’ घेतला. फक्त त्या अक्षरावर काळी पट्टी चिकटवून मागितली. तेवढा ताठा माणसाला असावा.

ह्या दिवाळीत वडिलांसाठी कुणी काठी घेणार असेल, तर दुकानात त्यांचे वय सांगू नये. सत्तरीतल्या एखाद्याचा वेग ‘आर’चा असतो, तिशीतल्या एखाद्याचा ‘ए’चा. वडिलांनाच सोबत न्यावे, चार फटके मारू द्यावेत आणि अक्षराकडे न पाहता चेंडू कुठे पडतो ते पाहावे.